हिरव्या पट्टीचं मशीन

४ सप्टेंबर

खांब्या,

तुझं पत्र मिळालं. "ताई, थोडं समजुतीनं घ्या." एवढंच सांगायला दोन पानं खर्च केलीस होय रे? समजुतीनंच घेत होतो आम्ही मायलेकी, अडीच वर्षं. त्या समजुतीत तुझ्या लाडक्या ठकीचं उजवं मनगट पिरगळलं गेलं आणि ती एका पिशवीनिशी माझ्या दारात येऊन उभी राहिली. नकाशे काढून पोट भरणारी पोर ती. आता पेन्सिल धरली की अर्ध्या तासात बोटं बधिर होतात.

फोनचं ऐक. रोज संध्याकाळी सहाला, ती कचेरीतून येऊन चपला काढते न काढते तोच वाजतो. मी उचलला की जावईबापू लोण्यासारखे मऊ. "आई, गुडघा कसा आहे?" ठकीनं घेतला की सूर बदलतो. परवा तिला म्हणाला, "मनगटावर भागलं, आता एकेक बोट मोडीन. मग मार रेघा." हे तिनं मला जेवताना सांगितलं, मीठ मागावं तशा आवाजात. मी माझं ताट बाजूला सारलं.

वकीलबाईंकडून अर्ज केलाय. त्यानं घरी यायचं नाही, तिच्या कचेरीसमोर उभं राहायचं नाही, फोन करायचा नाही, असा हुकूम मिळावा म्हणून. एकवीस नोव्हेंबर ही तारीख. तो तिकडे कोर्टात सांगतोय की बायको रुसून आलीय, सासू कान भरते, तिला समजावून परत पाठवा. चष्म्याचं दुकान, इस्त्रीचा शर्ट, गोड जीभ. त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार नाही? वकीलबाईंनी विचारलं, पुरावा काय? मी म्हटलं, माझी मुलगी. तर म्हणाल्या, "तेवढ्यानं भागत नाही हो." असा संताप आला म्हणून सांगू!

मग त्यांनीच सुचवलं, फोनवरचं बोलणं टिपून ठेवा. घर आपलं, फोन आपला, बोलणारी आपण. आपल्या रक्षणासाठी टिपलं तर चालतं म्हणे. तू जन्मभर टेलिफोनचे खांब चढलास, तर एखादं मशीन जोडून पाठव. आणि पत्रानंच कळव, रिसीव्हर हातात घ्यायची मला सध्या शिसारी आलीय. उपदेश नको, मशीन पाठव.

ताई


१० सप्टेंबर

ताई,

रागावलीस. रागाव. ऐकून घेणं हे धाकट्याचं कामच. पण हे लग्न मी जमवलं, तेव्हा माझा जीव तुटत नसेल का? आणि खोटं कशाला लिहू, माझा अजून पुरता विश्वास बसत नाही. जावई दर रविवारी सकाळी मला फोन करतो. मागे माझ्या चष्म्याची काडी तुटली, तर पोस्टानं मागवून घेतला नाही, स्वतः येऊन बसवून गेला. डोळे तपासले, नवी काच घातली. असा माणूस बोटं मोडायच्या गोष्टी करतो? आपली ठकीही काही कमी हट्टी नाही. एका हट्टाचे दोन झाले की शब्दाला शब्द वाढतो. असो. उपदेश नको म्हणालीस, थांबतो.

मशीन पाठवतोय. निवृत्त होताना खात्यानं मोडीत काढलं होतं, ते मी मागून घेतलं. झाकण नीट बसत नाही म्हणून तारांना गुंडाळायची हिरवी पट्टी लावलीय, ती काढू नकोस. वायरच्या टोकाला रबराची वाटी आहे, ती रिसीव्हरच्या पाठीवर, कानाच्या बाजूला चिकटव. चिकटत नसेल तर ओलं बोट फिरव. लाल बटण आणि त्याच्या शेजारचं, दोन्ही एकदम दाबायची. कॅसेट फिरतेय ना, एवढं डोळ्यानं बघ. बोलणं संपलं की चिठ्ठीवर तारीख, वार, वेळ लिहून चिकटव.

कॅसेट भरली की तिच्या पाठीवरच्या दोन चिमुकल्या प्लास्टिकच्या चकत्या मोडून टाक, म्हणजे चुकूनही तिच्यावर दुसरं काही भरलं जाणार नाही. कापायचं नाही, जोडायचं नाही, आपल्याला नको तेवढं पुसायचं नाही. कापलेल्या कॅसेटला कोर्टात कवडीची किंमत नसते. पाकिटात घाल, तोंड चिकटव, त्यावर आडवी सही कर आणि कुलपात ठेव.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट: मशीनबद्दल कुणाजवळ एक अक्षर काढायचं नाही. शेजारी नाही, मैत्रीण नाही. समोरच्याला कळलं की तो तोंड सांभाळतो आणि आपली सगळी मेहनत पाण्यात.

खांब्या


२२ सप्टेंबर

खांब्या,

तुझ्या मशीनला आग लागो. नाही, मशीनला नको, मलाच लागो.

जोडलं अगदी तू सांगितलंस तसं. चपलांच्या फळीवर फोन, त्याच्यामागे मशीन, वर माझी शाल. सहाला फोन वाजला की दोन बटणं, कॅसेट फिरतेय, सगळं झोकात. सहा दिवस टिपलं. काल कॅसेट वकीलबाईंकडे नेली. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, वही उघडली, आम्ही तिघी कान टवकारून बसलो. काय ऐकू आलं सांगू? "आई, गुडघा कसा आहे?" "बरा आहे. थांबा, देते." खट्. पुन्हा, "आई, आज ऊन फार." "हो. देते." खट्. सहाही दिवस तेच. वकीलबाईंनी वही मिटली. "त्याचं बोलणं कुठाय?" ठकी माझ्याकडे बघायला लागली. मी तिच्याकडे. आणि मग माझ्या ध्यानात आलं की खट् म्हणजे मीच.

हसू नकोस. एकतीस वर्षं एक्सचेंजच्या बोर्डावर बसले. डोक्याला हेडफोन, समोर दोऱ्या आणि प्लग. दोघं माणसं जोडून दिली की ऐकायची चावी वर करायची आणि कान काढायचा. दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नाही. हे मी किती मुलींना शिकवलं, एकीला ऐकताना पकडलं तर तिची नोकरी गेली आणि मी तिची बाजूसुद्धा घेतली नाही. आता ठकीच्या हातात रिसीव्हर दिला की माझा हात आपोआप पुढे जातो आणि बटण बंद करतो. मला कळतही नाही रे! लेकीचा फोन, म्हणजे लेकीचं खाजगी बोलणं, एवढंच त्या हाताला समजतं. सहा दिवस ती एकटीनं ते सगळं ऐकत राहिली, का, तर आई टिपतेय म्हणून. आणि आई शिस्त पाळत होती!

ठकीनं घरी येऊन मशीनमध्ये नवी कॅसेट घातली. रागावली असती तर बरं झालं असतं.

ताई


२७ सप्टेंबर

ताई,

कपाळावर असा हात मारून घेतला की तुझी भावजय स्वयंपाकघरातून धावत आली. अगं, मशीन ऐकत नाही, मशीन टिपतं! ऐकणारी तू नाहीस, चोरून घेणारी तू नाहीस. वायर आहे ती, वायरीला कसली लाजलज्जा? तू हवं तर मोरीत जा, गॅलरीत जा, कानात बोटं घाल, पण त्या बटणाला हात लावू नकोस. नाहीतर असं कर, फोन वाजला की दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहा. ठकीलाच बटण दाबायला सांग. एवढं साधं काम, आणि आपण दोघं टेलिफोन खात्यातली माणसं! कुणाला सांगायची सोय नाही.

पण खरं सांगू, मला वाटतं आता ते लागणारही नाही कदाचित. माणूस चिडतो, निवळतो. तोही नीट बोलायला लागेल, बघ तू. माझं मन सांगतंय. निवळला तर तारखेपर्यंत ताणू नका, एवढंच म्हणणं.

चष्म्याची नवी काच छान लागलीय. वर्तमानपत्रातली बारीक जाहिरातसुद्धा वाचतो.

खांब्या


१४ ऑक्टोबर

खांब्या,

तुझं मन फार बरोबर सांगतं रे. निवळला. इतका निवळला की अंगावर काटा येतो.

तुझं पत्र यायच्या आधीच मी बटण ठकीकडे दिलं होतं. कॅसेटी भरल्या, चकत्या मोडल्या, सह्या केल्या, कपाटात कुलपात ठेवल्या. तीन कॅसेटी. त्यात काय आहे? "ठकी, जेवतेस ना वेळेवर? तुझी खोली तशीच ठेवलीय मी. चुकलं असेल तर पदरात घे." रोज सहाला, साखर पेरलेली. वकीलबाईंनी दोन ऐकल्या आणि डोळे चोळले. म्हणाल्या, "हे आपण दिलं तर खटला त्याचाच मजबूत होतो. असा नवरा आणि अशी बायको, असंच म्हणतील न्यायाधीशबाई." माझ्याकडे बघताना त्यांच्या नजरेत एक शंका आली, ती मला दिसली. त्यांनी लपवायचा प्रयत्न केला तरी दिसली. ठकी घरी येऊन म्हणाली, "आई, मला भास होत होते का गं?" माझ्या पोरीला स्वतःच्या मनगटावर विश्वास उरला नाही, इथवर आलंय.

आणि आता खरं कारण, ज्यासाठी हे पत्र लिहिते आहे. काल, सोमवारी, तो तिच्या कचेरीच्या जिन्यापाशी उभा होता. ती उतरत असताना हळूच बाजूला आला. हसला. म्हणाला, "त्या हिरव्या पट्टीच्या डब्याला माझा नमस्कार सांग. बोटं जप." आणि निघून गेला. तिथे कुठलं मशीन?

हिरवी पट्टी. मशीन आल्यापासून माझ्या शालीखाली आहे. घरात तिसरं माणूस आलेलं नाही. वकीलबाईंनीसुद्धा नुसत्या कॅसेटी पाहिल्या. पट्टी मला माहीत, ठकीला माहीत, आणि ज्यानं ती लावली त्या हाताला. मी सांगितलं नाही. ठकीनं सांगितलं नाही.

उत्तर लिही.

ताई


२५ ऑक्टोबर

अकरा दिवस झाले. पोस्टमन दारावरून दोनदा गेला. तारखेला सत्तावीस दिवस उरले. तुला लिहायला जमत नसेल तर "हो" एवढं तरी लिही, मला "नाही"ची आशा राहिलेली नाही.

ताई


३ नोव्हेंबर

ताई,

हो.

मीच सांगितलं. एकवीस सप्टेंबरच्या रविवारी. मशीन तुझ्या हातात पडून आठवडा झाला नसेल तोच. फोनवर तो रडवेला झाला होता, म्हणाला, "मामा, ही माणसं माझ्याविरुद्ध काय काय रचतायत कळत नाही." मला वाटलं, सांगून टाकलं की हा जपून बोलेल, बोलणं सुधारेल, भांडण थंड होईल, पोरगी घरी जाईल. शहाणपणाचं काम करतोय असंच वाटलं गं! तो जुन्या यंत्रांचा शौकीन, बारकाईनं विचारत गेला आणि मी हौसेनं सांगत गेलो. झाकण, वाटी, हिरवी पट्टी. तुला लिहिलं होतं, एक अक्षर काढायचं नाही, आणि स्वतः पाढा वाचला. तुझं चौदा तारखेचं पत्र वाचलं आणि तो चष्मा डोळ्यांवरून काढला, तो अजून घातलेला नाही. इतके दिवस लिहायला बसायचो आणि उठायचो. भित्रा माणूस मी, खांबावर चढताना तेवढा धीट.

पण ऐक. बाजारातून दुसरं मशीन आणलं आणि माझ्याच फोनला लावलं. वकीलबाईंना पत्र टाकून विचारलं. त्यांनी कळवलं, तुमचा फोन आहे, तुम्ही बोलणारे आहात, टिपा. पण त्याच्या तोंडी शब्द घालू नका. सव्वीस तारखेच्या रविवारी त्याचा फोन आला, पण विचारायचं धाडस झालं नाही. हवापाण्याचं बोलून ठेवून दिला. काल पुन्हा आला. काल बोललो.

कॅसेट सोबत आहे. चकत्या मोडल्यात, चिठ्ठी लावलीय, पाकिटावर सही आहे. त्यात तो हसत हसत म्हणतो की मनगटाला नुसता झटका दिला होता. म्हणतो, "बोटं मोडायला काय लागतं मामा, पेन्सिल मोडावी तसं. एकदा परत पाठवू देत, मग बघा कशी रेघेवर येते." दिवस, वार, त्या वेळी ती काय करत होती, सगळं सांगतो. मी फक्त विचारलं होतं, खरंच मोडणार होता का हो?

पण ताई, त्याच कॅसेटवर मीही आहे. तो म्हणतो, "मशीनचं तुम्ही सांगितलंत म्हणून वाचलो." मी म्हणतो, "हं." आणि पुढे तो म्हणतो, "लग्न ठरवताना तुम्हीच नव्हता का म्हणालात, हट्टी आहे, जरा धाकात ठेवा?" त्यावर मी म्हणतो, "म्हणालो होतो."

म्हणालो होतो, ताई. माझ्याच बैठकीच्या खोलीत, पाहुणचार चालू असताना, चेष्टेत. मला आठवतही नव्हतं. त्याला शब्द न् शब्द आठवतो.

काल सबंध दुपार कात्री घेऊन बसलो होतो. एवढाच तुकडा, बोटभर टेप. कोणाला कळणार? पण कापलेली कॅसेट चालत नाही हे मीच तुला लिहिलं होतं. ठकीच्या कामी यायची तर ती अख्खीच यायला हवी. म्हणून अख्खी पाठवतोय. तू कुणाचं बोलणं ऐकत नाहीस, मला माहीत आहे. या वेळीही ऐकू नकोस. बंद पाकीट तसंच वकीलबाईंना दे.

टिपणारा मी, तेव्हा साक्षीला मला यावं लागेल असं त्या म्हणतात. येईन.

खांब्या


२३ नोव्हेंबर

खांब्या,

परवा साक्ष होताच कोर्टातून तसाच गेलास. मी पायरीपर्यंत येऊन बघते तो तू फाटकाबाहेर. हाक मारली ती तुला ऐकू आली नाही, की ऐकू आली? बस सुटेपर्यंत तिथंच दुकानाच्या आडोशाला उभा होतास, ठकीनं पाहिलं.

हुकूम मिळाला. त्यानं घरी यायचं नाही, कचेरीच्या रस्त्याला फिरकायचं नाही, फोन नाही, चिठ्ठी नाही, कुणाच्या हस्ते निरोपसुद्धा नाही. परत पाठवायची गोष्ट न्यायाधीशबाईंनी ऐकूनही घेतली नाही. तू गेल्यावर त्याचं तोंड बघायला हवं होतंस.

तू सांगितलंस ऐकू नकोस. मी ऐकलं. पाकिटावर तुझी सही होती, म्हणून वकीलबाईंच्या समोरच फोडलं आणि त्यांनी कॅसेट घातली. मी बाहेर जायला उठले, तशी सवयच. ठकी म्हणाली, "बस आई." बसले. पहिल्यांदा जन्मात दुसऱ्या दोघांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं, आणि त्यातला एक माझा भाऊ. हात मांडीखाली दाबून धरले होते. "म्हणालो होतो" आलं तेव्हा मला तुझ्या कानाखाली वाजवावीशी वाटली, अजून वाटते. ठकीनं मशीन थांबवलं, थोडं मागे घेतलं, पुन्हा तेवढंच ऐकलं. मग म्हणाली, "पुढे जाऊ द्या."

मी तुला माफ केलं असं समजू नकोस. आपल्याला भास होत होते का, असं लेकीला वाटायला लावणाऱ्यांत तू होतास. नवऱ्यानं मनगट पिरगळलं, मामानं विश्वास. हे लिहिताना हात थांबत नाही म्हणून लिहून टाकते. पण साक्षीला उभा राहिलास तेव्हा शपथेचा कागद लांब धरून, अडखळत वाचलास. त्याच्या वकिलानं विचारलं, हा आवाज कुणाचा? माझा. धाकात ठेवा म्हणणारा? तोही माझा. मान खाली घातली नाहीस. ते पाहिलं मी. चष्मा दुसरीकडून करून घे, उगाच कुठे धडपडशील.

काल सहाला आम्ही दोघी फोनसमोर बसून होतो. वाजला नाही. सव्वासहाला ठकी उठली आणि तिनं टेबलावर कागद पसरला. आज पाऊण तास पेन्सिल धरली.

पत्र संपवताना तिला विचारलं, मामाला काय लिहू? मान वर न करता म्हणाली, "लिही, रविवारी सकाळी फोन करायचा असेल तर कर म्हणावं. मी उचलीन." मग तिनं पट्टी सरकवली, एक रेघ मारली, टोकापर्यंत सरळ.

"आणि हेही लिही," म्हणाली, "की मशीन चालू असेल."

ताई